सभापतींचे निरोपाचे भाषण: क्रम, मजकूर आणि नेमके कुठे चुकते

प्रश्न थोडक्यात असा आहे: कोकणातल्या एका पंचायत समितीच्या सभापतींची मुदत संपत आली आहे. शेवटच्या मासिक सभेत सहकाऱ्यांचे आभार मानणारे भाषण लिहून देण्याचे काम कार्यालयाकडे आले आहे. लोकसभेचे, राज्यसभेचे पीठासीन (सभागृह चालवणारे) अधिकारी निरोप घेताना कसे बोलतात, कोणाचे आभार कोणत्या क्रमाने मानतात, आणि त्यातले तालुक्याच्या सभागृहात काय चालेल?

लोकसभेच्या कामकाज नियमांत ३६१ वा नियम आहे. अध्यक्ष उभे राहिले की जो सदस्य बोलत असेल त्याने तिथल्या तिथे खाली बसायचे, अध्यक्षांचे म्हणणे शांतपणे ऐकायचे, आणि ते बोलत असेपर्यंत कोणी जागा सोडायची नाही. निरोपाच्या भाषणाचा सगळा स्वभाव या एका नियमात आहे. शेवटच्या दिवशी पक्षांचे नेते आधी बोलून घेतात, अध्यक्ष सर्वांत शेवटी बोलतात, मग ‘वंदे मातरम्’ होते आणि सभागृह अनिश्चित काळासाठी तहकूब होते. अध्यक्षांनंतर कोणालाच बोलायला मिळत नाही. ज्या भाषणाला उत्तर देण्याची सोय नाही, त्यात उत्तर द्यावेसे वाटेल असे काही ठेवणे हा समोर बसलेल्यांवर अन्याय आहे. म्हणून मसुदा झाला की प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून विचारा: हे ऐकून विरोधी बाकावरचा एखादा सदस्य मनातल्या मनात तरी ‘हरकतीचा मुद्दा’ म्हणेल का? म्हणणार असेल तर ते वाक्य काढा. भाषा, सजावट, सुविचार हे सगळे त्यानंतर.

पंचायत समितीला लोकसभेचे नियम लागू नाहीत. पण सभापती समारोपाला लागले की मध्ये बोलू नये, ही रीत तिथेही पाळली जाते. त्यामुळे कसोटी तीच.

पदनामे आधी नीट लावून घ्या, कारण संसदेतल्या भाषणांवरून वाक्ये बेतताना पहिली चूक इथे होते. लोकसभा आणि विधानसभेत अध्यक्ष व उपाध्यक्ष असतात. राज्यसभा आणि विधान परिषदेत सभापती व उपसभापती. जिल्हा परिषदेला अध्यक्ष असतो, पंचायत समितीला सभापती. शिवाय जिल्हा परिषदेच्या विषय समित्यांनाही सभापती असतात. मसुद्यात एका जागी ‘अध्यक्ष’ आणि दुसऱ्या जागी ‘सभापती’ राहून गेले की इतिवृत्तातही (सभेच्या लेखी नोंदीतही) तोच घोळ उतरतो.

नेमके काय संपते आहे, हे लिहिण्यापूर्वी ठरवा

निरोप म्हटले की ‘आज मी पदावरून मुक्त होत आहे’ हे वाक्य हात आपोआप लिहितो. लोकसभा अध्यक्षांच्या बाबतीत ते बहुधा चुकीचेच असते. राज्यघटनेच्या ९४ व्या अनुच्छेदातील तरतूद अशी की लोकसभा विसर्जित झाली तरी अध्यक्षांचे पद जात नाही. नव्या लोकसभेची पहिली बैठक भरण्याच्या अगदी आधीपर्यंत ते पदावर राहतात. विधानसभेसाठी हीच तरतूद १७९ व्या अनुच्छेदात आहे. सोळाव्या लोकसभेची शेवटची बैठक १३ फेब्रुवारी २०१९ रोजी झाली. ती लोकसभा २५ मे रोजी विसर्जित झाली आणि सतरावी १७ जूनला भरली. म्हणजे निरोपाच्या भाषणानंतर सुमारे चार महिने सुमित्रा महाजन अध्यक्षपदावरच होत्या. त्या दिवशी निरोप द्यायचा होता तो सभागृहाच्या त्या पाच वर्षांना.

राज्यसभेचे वेगळे. ते सभागृह कायम असते, संपते ती सभापतींची मुदत. उपराष्ट्रपती हे पदसिद्ध सभापती, त्यांची मुदत पाच वर्षांची. हमीद अन्सारी यांना १० ऑगस्ट २०१७ रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी सभागृहाने निरोप दिला. व्यंकय्या नायडू यांना ८ ऑगस्ट २०२२ रोजी, मुदत संपायच्या दोन दिवस आधी. इथे मात्र माणूस जातो आणि सभागृह राहते, म्हणून भाषणाचा सूरही व्यक्तिगत असू शकतो.

कोकणाशी नाते असलेल्या तीन लोकसभा अध्यक्षांकडे पाहिले तर जाण्याच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळणकर. घराणे मूळचे संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंग्याचे. १५ मे १९५२ रोजी ते शंकर शांताराम मोरे यांच्याविरुद्ध ३९४ विरुद्ध ५५ मतांनी निवडून आले. १९५४ च्या डिसेंबरात त्यांना पदावरून दूर करण्याचा ठरावही आला आणि फेटाळला गेला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी पदावर असतानाच त्यांचे निधन झाले. निरोपाचे भाषण त्यांच्या वाट्याला आलेच नाही. दुसरे मनोहर जोशी, रायगड जिल्ह्यातल्या नांदवीचे. जी. एम. सी. बालयोगी ३ मार्च २००२ रोजी हेलिकॉप्टर अपघातात गेले, त्यानंतर १० मे रोजी जोशी अध्यक्ष झाले, म्हणजे मुदतीच्या मध्यावर. तिसऱ्या सुमित्रा महाजन, जन्म चिपळूणचा, आणि पाच वर्षांची पूर्ण मुदत.

तुमचे सभापती यांतल्या कोणत्या जागी आहेत ते पाहा. मध्येच पद हाती आले असेल तर आभारांत पहिले नाव आधीच्या सभापतींचे यायला हवे, विशेषतः ते हयात नसतील तर. शिवाय पंचायत समितीत एक चौथी तऱ्हाही आहे आणि बहुतेक वेळा तीच लागू पडते: सभापतिपदाची मुदत अडीच वर्षांची, समितीची पाच वर्षांची. पहिल्या अडीच वर्षांनंतरचा निरोप हा सभागृहाचा निरोप नसतो. पुढच्या सभेला तेच सदस्य असतात आणि मावळते सभापतीही त्यांच्यातच, समोरच्या खुर्चीवर बसलेले असतात. अशा वेळी ‘आपल्या आठवणी सोबत घेऊन जात आहे’ असे लिहिणे खोटे वाटते. त्याऐवजी: ‘पुढच्या सभेपासून मी आपल्यासोबत समोर बसेन. या खुर्चीवर जे बसतील त्यांना आपण मला दिलेले सहकार्य मिळावे, आणि माझ्याकडून ते मिळेल.’ या दोन वाक्यांत निरोप, आभार आणि वचन तिन्ही येते.

राजीनामा देऊन जाणाऱ्याचे आणखी निराळे. विधानसभा अध्यक्षांचा राजीनामा उपाध्यक्षांच्या नावे लेखी द्यायचा असतो. ४ फेब्रुवारी २०२१ रोजी नाना पटोले यांनी अध्यक्षपद सोडले तेव्हा तो उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांच्याकडे गेला. अशा वेळी सभागृहात समारोप होत नाही. राजीनाम्याच्या पत्रात आभार कोंबू नयेत. ते एका वाक्याचे असावे आणि आभाराचे पत्र वेगळे काढावे. कारणे आणि आभार एकाच कागदावर आले की वाचणारा कारणेच वाचतो.

सभापती दोन भूमिकांत असतात, भाषण एकाच भूमिकेतून करावे

संसदेतले नमुने तालुक्यात जसेच्या तसे चालत नाहीत याचे मोठे कारण हे. लोकसभा अध्यक्ष रस्ते मंजूर करत नाहीत. पंचायत समितीचे सभापती मात्र सभेचे अध्यक्षस्थानही भूषवतात आणि समितीचे प्रमुख म्हणून कामांच्या मागेही लागतात. साहजिकच मसुद्यात साकव (ओढ्यावरचे छोटे पूल) येतात, पाखाड्या (पायऱ्यांच्या पायवाटा) येतात, शाळांची कौले, नळपाणी योजना, धूपप्रतिबंधक बंधारा, सगळे येते. आणि इथेच भाषण बिघडते. ‘माझ्या कारकिर्दीत अमुक इतके साकव झाले’ म्हटले की ज्या गणात (समितीच्या मतदारसंघात) एकही झाला नाही तिथल्या सदस्याला उत्तर द्यायचे असते, आणि त्याला ते देता येत नाही.

यावर उपाय सोपा आहे. कामांचा जमाखर्च छापील कार्यअहवालात घाला आणि तो सभेच्या आधी सर्व सदस्यांच्या हाती द्या. भाषणात त्याचा एका वाक्यात उल्लेख पुरे. नंतर बाहेर सत्कार समारंभ असेल तर तिथे कामांबद्दल मोकळेपणाने बोलावे. तिथे इतरांनाही बोलता येते. सभागृहात बोलायचे ते फक्त सभागृहाबद्दल: सभा कशा चालल्या, कोणी चालू दिल्या, कोणामुळे चालल्या.

पक्षाचे नाव, चिन्ह, नेत्याचे नाव, येत्या निवडणुकीचा उल्लेख यांना या भाषणात जागा नाही. १९६७ मध्ये लोकसभा अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डी यांनी पक्षाचा राजीनामा दिला होता. तालुक्यात इतके कोणी मागत नाही. पण तेवढी मिनिटे खुर्ची कोणत्याही गटाची नसावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

आकडे

लोकसभा अध्यक्षांच्या समारोपात आकड्यांचा भाग ठरलेला असतो: किती बैठका, किती तास, किती विधेयके, किती वेळ वाया गेला, किती वेळ जादा बसलो. ओम बिर्ला यांनी १० फेब्रुवारी २०२४ रोजी सतराव्या लोकसभेचा समारोप करताना २७४ बैठका, २२२ विधेयके आणि सुमारे ९७ टक्के उत्पादकता असा हिशेब मांडला. पहिल्या लोकसभेच्या बैठका ६७७ झाल्या होत्या, सोळाव्या लोकसभेच्या ३३१. एवढे तीन आकडे शेजारी ठेवले तरी ऐकणाऱ्याला विचार करायला पुष्कळ मिळते. म्हणून आकड्यांना ‘ऐतिहासिक’, ‘विक्रमी’ अशी विशेषणे जोडू नयेत. आकडा सांगावा आणि थांबावे.

तुमच्यासाठी आकडे कुठून काढायचे? तीन नोंदी लागतात: इतिवृत्त नोंदवही, उपस्थिती पत्रक आणि ठराव नोंदवही. महिन्याला एक सभा धरली तर अडीच वर्षांत तीस होतात. प्रत्यक्षात किती झाल्या ते मोजा आणि मासिक, विशेष, गणपूर्तीअभावी (पुरेशी हजेरी नसल्याने) तहकूब झालेल्या व त्या तहकूब सभा पुन्हा घेतलेल्या असे चार रकाने करा. तहकूब सभा पुन्हा घेतली की ती दोनदा मोजली जाते; आकडा फुगण्याचे नेहमीचे कारण हेच. ठरावांचा शेवटचा क्रमांक म्हणजे ठरावांची संख्या नव्हे: काही ठिकाणी दर वर्षी एकपासून क्रमांक सुरू होतात, आणि काही ठराव पुढे रद्द किंवा दुरुस्त झालेले असतात. मोजणी दोघांनी वेगवेगळी करावी आणि जुळली तरच आकडा भाषणात घ्यावा. शेवटी गटविकास अधिकाऱ्यांची पाहिल्याची सही घ्यावी. तेच समितीचे सचिव असल्यामुळे आकडा त्यांच्या दप्तराशी जुळायला हवा.

तहकुबीचा आकडा लपवू नका. तो सगळ्यांना ठाऊक असतो, आणि वगळला की उरलेल्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. कारण मात्र कोणावर न ढकलता सांगावे. आपल्याकडे कारणे खरीखुरी असतात: दरड आली, नदीला पूर, होडीची तर बंद, वीज नाही. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ किंवा २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने बुडालेले चिपळूण पाहिलेल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही.

आकड्यांना एक मिनिट, जास्तीत जास्त दीड. पाचापेक्षा जास्त आकडे कानाला राहत नाहीत.

आभारांचा क्रम

हा भाषणाचा गाभा, म्हणून इथे वेळ घाला.

आधीच्या सभापतींचे नाव घ्यायचे असेल तर ते आधी, एरवी सुरुवात उपसभापतींपासून करा. गटनेत्यांच्याही आधी. पीठावर त्यांनी सभापतींच्या जागी बसून काम केलेले असते. खुर्चीचा भार वाटून घेणाऱ्याचे नाव पहिले. लोकसभेत उपाध्यक्ष आणि त्यांच्यासोबत तालिकेवरचे सदस्य असतात, तेही अध्यक्षांच्या गैरहजेरीत सभागृह चालवतात. सतराव्या लोकसभेत पाचही वर्षे उपाध्यक्षच नव्हते, तेव्हा तो सगळा भार तालिकेवर पडला. पंचायत समितीत तालिका नसते, पण एखाद्या सभेत सभापती व उपसभापती दोघेही नसताना ज्या सदस्याने अध्यक्षस्थान घेतले, त्याचे नाव इतिवृत्तातून शोधून काढा. सहसा सगळे विसरलेले असतात, आणि म्हणूनच ते नाव ऐकले की सभागृह सावध होऊन ऐकू लागते.

मग सत्ताधारी गटाचे नेते, आणि लगेच, मध्ये एकही वाक्य न घालता, विरोधी गटाचे नेते. दोघांना सारख्याच लांबीची वाक्ये द्या. शब्द मोजा; पंचवीस आणि पंचवीस. ऐकणारे शब्द मोजत नाहीत, पण वजन बरोबर ओळखतात.

विरोधकांचे आभार कशाबद्दल मानायचे, इथे बहुतेक मसुदे अडखळतात. ‘विरोधकांनीही मोलाचे सहकार्य केले’ हे वाक्य कोणाच्या मनाला लागत नाही. विरोधकांचे काम सहकार्य करणे हे नसतेच. पीठासीन अधिकाऱ्याला त्यांच्याकडून मिळते ती खरी गोष्ट म्हणजे न पटलेला निर्णय त्यांनी पाळणे. तेच लिहा: ‘माझे काही निर्णय आपल्याला मान्य नव्हते. ते आपण सभागृहात स्पष्ट सांगितले, नोंद करून घेतली, आणि सांगून झाल्यावर निर्णय पाळला. सभा चालल्या त्या यामुळे.’ हे खरे असेल तर यापेक्षा मोठे आभार नाहीत. खरे नसेल, म्हणजे सभात्याग आणि गोंधळच जास्त झाला असेल, तर खोटे लिहू नका. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांचे आभार माना: कोणत्या विषयावर सर्वांत जास्त प्रश्न आले ते नोंदवहीतून काढा आणि त्या विषयाचे नाव घ्या.

सदस्यांत नावे किती घ्यायची? एक नियम पाळा: ज्या पदावर एकच व्यक्ती असते तिचे नाव घ्यावे, जिथे अनेक आहेत तिथे एक तर सगळ्यांची नावे घ्यावीत, नाही तर कोणाचेच घेऊ नये. ‘विशेषतः’ हा शब्द या भाषणातला सर्वांत धोकादायक शब्द. ‘विशेषतः अमुक’ म्हटले की बाकीचे सगळे सामान्य ठरतात. समितीत सदस्य थोडेच असतील तर सगळ्यांची नावे घेता येतात. तेव्हा क्रम गणांच्या क्रमांकानुसार लावा. ज्येष्ठता, पक्ष किंवा मैत्री, कोणताही दुसरा क्रम लावला की त्यातून अर्थ काढले जातात. पहिल्यांदा निवडून आलेल्या सदस्यांसाठी एक स्वतंत्र वाक्य जरूर ठेवा. पहिला प्रश्न विचारताना कागद थरथरतो, हे खुर्चीवरून दिसत असते.

त्यानंतर अधिकारी: गटविकास अधिकारी, सहायक गटविकास अधिकारी, मग खातेप्रमुख (गटशिक्षणाधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, बांधकाम व पाणीपुरवठ्याचे उपअभियंता, कृषी अधिकारी) आणि विस्तार अधिकारी. इथे नावे न घेता पदे पुरेत, कारण अडीच वर्षांत एकाच पदावर दोघे-तिघे येऊन गेलेले असतात आणि बदलून गेलेल्याचे नाव हमखास राहते. ‘या काळात या पदांवर ज्यांनी काम केले ते सर्व’ अशी शब्दरचना ठेवा.

आणि मग कर्मचारी. संसदेतल्या समारोपातही महासचिवांपासून सचिवालयातील कर्मचाऱ्यांपर्यंत आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांपर्यंत आभार जातात. प्रतिवेदक आणि भाषांतर करणारेही त्यात येतात, कारण बोललेला प्रत्येक शब्द त्यांच्या हातून जातो. तुमच्याकडे ते काम एकच सहायक करतो, इतिवृत्त लिहिणारा. त्याचे आभार मानताना काम नेमके सांगा: गोंगाटात कोण काय म्हणाले ते वेगळे काढणे, आणि आठवड्याभरात कच्चे इतिवृत्त तयार ठेवणे. परिचरांसाठी: सभागृह उघडणे, नावाच्या पाट्या लावणे, वीज गेली की जनरेटर सुरू करणे. चालकांसाठी: दरड आली की लांबच्या वाटेने का होईना, वेळेवर पोहोचवणे. ज्याचे आभार मानता त्याचे एक प्रत्यक्ष काम वाक्यात असले की वाक्य त्याचे होते. ‘सर्व कर्मचारी वृंद’ या शब्दांत कोणीच दिसत नाही. सफाई कामगार आणि चहा देणाऱ्या व्यक्ती बाहेर उभ्या असतात. त्या भागापुरते दार उघडे ठेवायला आणि त्यांना आत बोलवायला आधीच सांगून ठेवा.

पत्रकारांचे आभार एका वाक्यात. कुटुंबाचेही एकाच, आणि ते कर्मचाऱ्यांच्या आधी घ्यावे, शेवटी नाही. कारण व्यवहाराचे आहे. घरच्यांचा उल्लेख आला की आवाज भरून येतो, आणि त्यानंतर लगेच सभा तहकूब करण्याची घोषणा असेल तर ती कोणाला ऐकूच येत नाही. कुटुंबानंतर कर्मचाऱ्यांचा मोठा भाग आला की आवाज पुन्हा ताळ्यावर यायला दोन मिनिटे मिळतात.

क्षमा कशाची मागावी

‘कळत-नकळत कोणाचे मन दुखावले असेल तर मोठ्या मनाने क्षमा करावी’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक निरोपात असते. ते वाईट नाही, पण पीठासीन अधिकाऱ्याच्या तोंडी अपुरे आहे. त्याच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात: निर्णय आणि शब्द. दिलेल्या निर्णयाबद्दल क्षमा मागू नये. पीठावरून दिलेला निर्णय पुढच्यांसाठी दाखला असतो. निरोपाच्या दिवशी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली की तो मागे घेतला की काय, असा प्रश्न नोंदीत उभा राहतो. त्याचे समर्थनही करू नये. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात संसदेच्या दोन्ही सभागृहांतून मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. असे काही घडून गेलेले असेल, तालुक्यात एखाद्या सदस्याला सभेबाहेर जायला सांगितले गेले असेल, तर समारोपात तो विषय पुन्हा उघडू नये. बाहेर काढलेल्याला त्या क्षणी उत्तर देता येत नाही.

शब्दांबद्दल मात्र मोकळेपणाने क्षमा मागावी. ‘माझे निर्णय नियमांना धरून देण्याचा प्रयत्न मी केला. ते देताना माझा आवाज काही वेळा चढला. त्या आवाजाबद्दल मी सभागृहाची क्षमा मागतो.’ ही क्षमा खरी असते, आणि तिने कोणताही निर्णय सैल होत नाही. तसा प्रसंग घडलाच नसेल तर हा भाग पूर्ण गाळा.

भाषेबद्दल थोडे

‘आभार मानून मी आपल्या ऋणातून मुक्त होऊ इच्छित नाही, ऋणातच राहणे पसंत करीन’ हे वाक्य काढून टाका. ते इतके ऐकलेले आहे की कानावर पडताच लोक खुर्च्या मागे सारतात. शिवाय आभार मानण्यासाठीच उभे राहून आभार मानत नाही म्हटल्यावर इतिवृत्त लिहिणाऱ्याने काय लिहायचे? ‘आभार मानतो’ हे साधे क्रियापद पुरेसे आहे. मात्र ते प्रत्येक वाक्याच्या शेवटी येऊ देऊ नका. काम सांगा, पाच-सहा कामे झाली की एकदा आभार.

निरोप म्हटला की ओठांवर येणारा तो सर्वांना पाठ असलेला अभंगही टाळलेला बरा, विशेषतः सभापती सदस्य म्हणून पुढे राहणार असतील तेव्हा. आपल्याकडे उंबरा ओलांडताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतात. तेच भाषणात चालते. सिंधुदुर्गात सभापती एरवी मालवणीत बोलत असतील तर शेवटचे एखादे वाक्य ‘बरां तर, येतंय मी’ असे असू द्या आणि इतिवृत्तातही ते तसेच लिहा. पूर्ण भाषण मात्र प्रमाण मराठीत ठेवा, कारण ते कामकाजाच्या नोंदीत जाणार आहे. आणि सत्काराच्या नोंदीत ‘शाल व श्रीफळ’ असा शब्द ठेवा. ‘नारळ दिला’ याचा मराठीत दुसराच अर्थ होतो, आणि नोंद वर्षानुवर्षे राहते.

तारीख, वेळ आणि कागद

शेवटची सभा गणपतीच्या आधीच्या आठवड्यात किंवा शिमग्याच्या दिवसांत लावू नका. गणपूर्तीच होणार नाही आणि निरोप तहकूब सभेत उरकावा लागेल. पावसाळ्यात लांबच्या गणांतले, खाडीपलीकडचे सदस्य उजेडात परतायला बघतात. सभा अकराला सुरू होत असेल तर समारोप दुपारी दोनच्या आत यावा अशी विषयपत्रिका आखा. समारोप हा विषयपत्रिकेवर शेवटचा स्वतंत्र विषय म्हणून छापा. ‘आयत्या वेळचे विषय’ या सदरात तो ढकलला तर त्याच्या आधी कोणीतरी रस्त्याचा विषय काढतो आणि तास जातो.

सदस्यांना सभापतींच्या आभाराचा ठराव मांडायचा असेल तर तो समारोपाच्या आधी घ्या आणि तेवढ्यापुरते अध्यक्षस्थान उपसभापतींकडे द्या. स्वतःच्या आभाराचा ठराव स्वतःच मताला टाकणे शोभत नाही. राज्यघटनेने पदावरून दूर करण्याच्या ठरावाच्या वेळी अध्यक्षांना पीठावर बसू दिलेले नाही. कौतुकाच्या ठरावालाही तीच सभ्यता लावावी.

लांबी सहा ते सात मिनिटे. संथ, स्पष्ट मराठी वाचनात मिनिटाला शंभरच्या आसपास शब्द जातात, म्हणजे मसुदा सहाशे ते सातशे शब्दांचा. यापेक्षा मोठा होत असेल तर आकडे कमी करा, माणसे नको. अठरा पॉइंट अक्षरात, कागदाच्या एकाच बाजूला छापा, आणि प्रत्येक पान पूर्णविरामावर संपवा. वाक्य अर्धे राहून पान उलटताना ओळ हरवते. अवघड नावे मोकळ्या अक्षरात लिहा. दोन प्रती जास्त काढा: एक इतिवृत्त लिहिणाऱ्याला, एक उपसभापतींना. आवाज अडला तर उपसभापतींनी हळूच पुढचा शब्द सांगायचा, एवढे दोघांत आधी ठरलेले असावे. आदल्या दिवशी सभापतींनी मसुदा एकदा रिकाम्या सभागृहात, ध्वनिक्षेपक सुरू ठेवून मोठ्याने वाचावा. पहिल्या वाचनात जिथे गळा दाटतो ती जागा तेव्हाच कळते. तिथे कागदावर खूण करा आणि बाजूला पाण्याचा पेला ठेवा.

तहकुबीचे वाक्य वेगळ्या ओळीवर, ठळक अक्षरात छापा. त्यात कोणतीही भावना नको: ‘विषयपत्रिकेवरील सर्व विषय संपले आहेत. राष्ट्रगीतानंतर सभा संपल्याचे मी जाहीर करतो.’ सगळे उभे राहतात, राष्ट्रगीत होते. इतिवृत्त लिहिणाऱ्याने त्या क्षणी घड्याळ पाहून सभा संपल्याची वेळ लिहावी. सत्कार, छायाचित्रे, कोकम सरबत, जे काही असेल ते त्या वेळेनंतरचे आणि इतिवृत्ताबाहेरचे.